चिप शॉट: बॉल चढवायचा नाही, लवकर जमिनीवर आणायचा

गोल्फमधली नेहमीची जागा: ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेपासून दोन पावलांवर बॉल, पुढे दहा-बारा पावलांवर होल, मध्ये ना पाणी ना बंकर (वाळूचा खड्डा). इथून एक चिप (ग्रीनबाहेरून मारलेला छोटा, बुटका शॉट) आणि एक पट (ग्रीनवर बॉल घरंगळवणारा शॉट), एवढ्यात काम उरकायला हवं. पण शनिवार-रविवारी खेळणाऱ्या बऱ्याच मंडळींचं कार्ड नेमकं इथेच बिघडतं. दोष हातांचा कमी आणि समजुतीचा जास्त. बॉल हवेत चढवायचाय, हे मनात पक्कं बसलेलं असतं. मग बॅगेतला सगळ्यात जास्त लॉफ्टचा, म्हणजे फेस (बॉलला लागणारा पृष्ठभाग) सगळ्यात जास्त मागे कललेला क्लब, वेज, बाहेर येतो, मनगट बॉलखाली डावासारखं फिरतं आणि बॉल एकतर चार फुटांवर लोळतो, नाहीतर सरपटत ग्रीनपलीकडे जातो.

चिपचं काम उलटं आहे. मधलं गवत ओलांडण्यापुरताच बॉल हवेत, त्यानंतर जमेल तितक्या लवकर तो जमिनीवर, पटसारखा घरंगळत. हवेतला बॉल कुठे पडेल हे हाताच्या अचूकपणावर ठरतं. घरंगळणारा बॉल कुठे थांबेल हे उतारावर ठरतं, आणि उतार तर मारण्याआधी बघता येतो.

म्हणून ग्रीनबाहेर बॉल असला की पर्याय या क्रमाने तपासा. पटर (पट मारायचा क्लब) चालेल का? नसेल तर चिप. मध्ये बंकर आहे किंवा फ्लॅग ग्रीनच्या अलीकडच्या कडेला चिकटून लावलाय म्हणून चिप बसतच नसेल, तरच पिच, म्हणजे उंच उडून लवकर थांबणारा शॉट. फ्रिंज (ग्रीनभोवतीचा गवताचा पट्टा) कोरडी आणि बारीक कापलेली असेल तर लाज न बाळगता पटर काढा. बिघडलेला पट बिघडलेल्या चिपपेक्षा होलच्या जवळ राहतो. आणि हे अंतर किरकोळ नाही. ८ फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिकसुद्धा साधारण निम्म्याच वेळा पट घालतात, ३ फुटांवरून मात्र क्वचितच चुकतात. चिपचं यश मोजायचं ते या ५ फुटांत.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून घ्यावं.

आधी लाय, मग बाकीचं

होलकडे बघण्याआधी बॉलकडे बघा. तो कसा बसलाय, म्हणजे त्याची लाय कशी आहे, यावर अर्धे पर्याय आपोआप गळतात.

गवतावर नीट टेकलेला, खाली थोडी गादी असलेला बॉल सगळ्यात सोपा. कुठलाही क्लब चालतो. धोका एकच: गवत जास्त फुगीर असेल तर क्लब बॉलच्या खालून निघून जातो. अशा वेळी क्लब जमिनीवर दाबून टेकवू नका, बॉलच्या मध्याच्या उंचीवर हलका धरून ठेवा.

उघडी, टणक जमीन, म्हणजे मे महिन्यातल्या ग्रीनभोवतीची बरीचशी जागा. इथे सँड वेज (वाळूसाठीचा जास्त लॉफ्टचा क्लब) काढण्याआधी त्याच्या तळावर कोरलेला आकडा बघा. ५६ आणि १२ असं लिहिलं असेल तर लॉफ्ट ५६ अंश आणि बाउन्स १२ अंश. बाउन्स म्हणजे क्लबचा तळ पुढच्या धारेपेक्षा किती खाली उतरलाय ते. वाळूत आणि मऊ गवतात हाच तळ क्लबला रुतण्यापासून वाचवतो, पण टणक जमिनीवर तो आपटून उसळतो आणि पुढची धार थेट बॉलच्या पोटात लागते. टणक जागेवरून ८ किंवा ९ नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब; नंबर जितका मोठा तितका लॉफ्ट जास्त) घ्या. त्यांचा तळ अरुंद असतो आणि उसळी कमी.

गवतात रुतलेला बॉल, म्हणजे वरून अर्धाच दिसणारा. इथे कमी लॉफ्टचं आयर्न गवतात अडकतं. सँड वेज घ्या, फेस किंचित उघडा, डाव्या हाताची शेवटची तीन बोटं नेहमीपेक्षा घट्ट आवळा. कारण गवत क्लबच्या मानेला विळखा घालून फेस बंद करतं आणि बॉल डावीकडे जातो. फेस आणि बॉल यांच्यामध्ये गवत येत असल्यामुळे स्पिन जवळजवळ नसतो, बॉल टेकल्यावर जास्त पळतो. ते गणितात धरा.

लायचा अंदाज डोळ्यांवर सोडू नका. बॉलच्या शेजारी तशाच गवतात दोन सराव-स्विंग घ्या आणि क्लब गवतातून कसा निघतो ते हाताला कळू द्या. बॉलमागचं गवत मात्र क्लबने दाबायचं नाही, ती लाय सुधारणं झाली आणि त्याला दंड आहे.

बॉल कुठे टेकवायचा

निशाण होल नसतो, टेकवायची जागा असते. ती शक्यतो ग्रीनच्या आत साधारण १ मीटरवर आणि सपाट हवी. ग्रीनवर का? फ्रिंजवर गवत लांब-आखूड असतं, पहिला टप्पा कसा पडेल सांगता येत नाही. १ मीटर आत का? बॉल अर्धा मीटर अलीकडे पडला तरी ग्रीनवरच पडावा म्हणून.

बॉलपासून त्या जागेपर्यंत पावलं मोजत चालत जा. तिथून होलपर्यंत पुन्हा मोजा. हे दोन आकडे क्लब निवडायला लागणार आहेत. चालताना दुसरं काम: उतार बघा. पट वाचतो तसा, कारण टेकल्यानंतर तो पटच आहे. २००५ च्या मास्टर्समध्ये ऑगस्टाच्या १६व्या होलवर टायगर वूड्सने चिप मारली तेव्हा होलच्या दिशेने नेम धरलाच नव्हता. बॉल त्याने होलच्या बराच डावीकडे उतारावर टेकवला, तिथून तो वळून खाली आला, काठावर क्षणभर थांबला आणि आत पडला. लोकांच्या लक्षात राहिला तो काठावर थांबलेला बॉल. शिकण्यासारखं होतं ते टेकवायची जागा निवडणं.

जागा ठरली की तिथे एखादी खूण शोधा: गवताचा पिवळट ठिपका, दुरुस्त केलेला जुना खड्डा, काहीही. मारताना शेवटची नजर त्या खुणेवर, होलवर नाही. होलकडे बघत राहिलं की हात आपोआप बॉल थेट तिथपर्यंत उडवायला बघतात.

नियमाचा फायदाही घ्या. तुमचा बॉल ग्रीनबाहेर असला तरी ग्रीनवर पडलेले बॉलचे खड्डे तुम्ही दुरुस्त करू शकता, ग्रीनवरची वाळू झटकू शकता. फ्रिंजवर मात्र हे चालत नाही, आणि सवयीने तिथली वाळू झटकणारे बरेच असतात. फ्लॅग होलमध्येच राहू द्या. जोरात आलेला बॉल काठीला मधोमध लागला तर थांबण्याची शक्यता असते. काठी नसेल तर तो होलवरून उडी मारून जातो.

बाराचा हिशोब

एकच स्ट्रोक, वेगवेगळे क्लब. रोजचा सराव कमी असणाऱ्याला हीच पद्धत परवडते. एका वेजने सगळे शॉट मारणारे खेळाडू टीव्हीवर छान दिसतात, पण त्यांच्या हाताखालून रोज शेकडो बॉल जातात.

हिशोब असा. हवेतलं अंतर एक भाग धरा, घरंगळण्याचं अंतर त्याच्या किती पट आहे ते काढा आणि तो आकडा १२ मधून वजा करा. उरेल तो क्लब. पिचिंग वेज म्हणजे १०. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर साधारण असं बसतं: पिचिंग वेज एक भाग उडतो आणि दोन भाग पळतो, ९ नंबर एकास तीन, ८ नंबर एकास चार, ७ नंबर एकास पाच. सँड वेज जेवढा उडतो जवळपास तेवढाच पळतो.

उदाहरण घेऊ. बॉलपासून टेकवायच्या जागेपर्यंत ३ पावलं, तिथून होल १२ पावलं. १२ भागिले ३, म्हणजे ४ पट. १२ वजा ४, ८ नंबरचं आयर्न. तीच ३ पावलं, पण होल टेकल्यापासून ६ पावलांवर असेल तर २ पट, १२ वजा २, पिचिंग वेज. दोन्ही वेळा स्ट्रोक अगदी तोच, कारण दोन्ही वेळा बॉल ३ पावलंच उडवायचाय.

चढ असेल तर एक क्लब कमी लॉफ्टचा (९ च्या जागी ८), उतार असेल तर एक क्लब जास्त लॉफ्टचा (९ च्या जागी पिचिंग वेज). उतार तीव्र असेल तर दोन क्लब.

एक गडबड ध्यानात ठेवा. हा हिशोब जुन्या सेटवर बेतलेला आहे. आजकालच्या बऱ्याच सेटमध्ये पिचिंग वेजचा लॉफ्ट ४३ ते ४५ अंश असतो. पूर्वी तो ४८च्या आसपास असायचा. तुमचा सेट नवा असेल तर बॉल हिशोबापेक्षा जास्त पळेल. त्यामुळे आकडे पाठ करण्यापेक्षा स्वतःचे काढा. सपाट जागी ग्रीनच्या काठापासून ३ पावलांवर नॅपकिन अंथरा. एका क्लबने नॅपकिनवर पडलेले दहा बॉल होईपर्यंत मारा. सगळ्यात लांब गेलेला आणि सगळ्यात अलीकडे राहिलेला सोडून बाकी आठ किती पावलं पळाले ते मोजा आणि सरासरी लिहून ठेवा. सँड वेज, पिचिंग वेज आणि ८ नंबर, एवढे तीन झाले तरी खेळ चालतो. सरावाला रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) बॉल वापरू नका. ते टणक असतात, त्यांना स्पिन कमी लागतो, आणि तुम्ही काढलेले आकडे खऱ्या बॉलला लागू पडत नाहीत.

उभं राहणं

बिघडलेल्या चिपांपैकी बऱ्याच मारण्याआधीच बिघडलेल्या असतात, उभं राहण्यात.

दोन टाचांमध्ये क्लबच्या डोक्याएवढं, म्हणजे चार बोटांहून थोडंसं जास्त अंतर. पाय याहून फाकवले की शरीर मागे-पुढे झुलतं. डावं पाऊल थोडं बाहेर वळलेलं, म्हणजे मारताना कंबर सहज पुढे फिरते. वजन डाव्या पायावर साधारण ६० ते ७० टक्के, आणि ते शॉट संपेपर्यंत तिथेच. एकवेळ बाकी सगळं विसरा, पण हे नको. स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू छातीच्या मध्याखाली येतो. वजन डावीकडे असलं तर तो बिंदू बॉलच्या पुढे पडतो आणि क्लब आधी बॉलला, मग गवताला लागतो.

ग्रिप दीड-दोन इंच खाली धरा, म्हणजे बॉलच्या जवळ उभं राहता येतं. पकड हलकी, दहापैकी चार एवढीच. बॉल दोन्ही पायांच्या मध्यावर किंवा त्याहून जरासा उजवीकडे. हात बॉलच्या किंचित पुढे, ग्रिपचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूकडे.

‘किंचित’ हा शब्द इथे महत्त्वाचा. बॉल उजव्या पायाच्या अंगठ्यासमोर ठेवा आणि हात खूप पुढे न्या, हा सल्ला आपल्या रेंजवर सर्रास ऐकू येतो. त्याने काय होतं बघा. शाफ्ट (क्लबची दांडी) जेवढे अंश पुढे झुकवाल, साधारण तेवढेच अंश क्लबचा बाउन्स कमी होतो. १० अंश बाउन्सचा वेज १० अंश झुकवला की बाउन्स शून्य. आता जमिनीला लागते ती धार, तळ नाही. हार्ड जागेवरून एखाद वेळ शॉट सुंदर जाईल. पावसाळ्यातल्या मऊ जमिनीत कुदळीसारखा रुतेल.

स्ट्रोक

दोन हात आणि खांदे मिळून एक त्रिकोण होतो. तो त्रिकोण छातीबरोबर मागे आणि छातीबरोबर पुढे. मनगटं लाकडासारखी ताठ नकोत, पण ती स्वतःहून काही करत नाहीत. मागे नेताना क्लबचं वजन मनगट किंचित वाकवेल, तेवढं वाकू द्या.

अंतर स्विंगच्या लांबीने ठरवा, जोराने नाही. ३ पावलं उडवायला क्लबचं डोकं मागे साधारण नडगीच्या मध्यापर्यंत, ६ पावलांना गुडघ्यापर्यंत. प्रत्येकाचं थोडं वेगळं निघेल, पण एकदा ठरलं की बदलू नका. पुढे तेवढंच किंवा जरा जास्त. मागे लांब नेऊन बॉलपाशी ब्रेक लावणं ही फार जुनी खोड. हातांना वाटतं जोर जास्त झाला, ते मंदावतात, छाती थांबते, आणि क्लबचं डोकं हातांना मागे टाकून पुढे निघतं. त्यावर उपाय पुढे जोर लावणं हा नाही. मागे कमी नेणं हा आहे.

संपल्यावर तपासा. छाती आणि पट्ट्याचं बक्कल टेकवायच्या जागेकडे वळलेलं हवं, क्लबचं डोकं गुडघ्याच्या खाली, आणि डाव्या मनगटाची मागची बाजू सपाट. मनगट आत वाकलेलं आणि क्लब हातांच्या पुढे आकाशाकडे असेल तर बॉल उचलायचा मोह झालेला आहे.

कानही वापरा. बरोबर लागलेल्या चिपचा आवाज जोड असतो: आधी बारीक ‘टिक’, लगेच गवताची हलकी ‘सर्र’. नुसता कडक ‘टक्’ आणि बोटांना झिणझिण्या, म्हणजे धार बॉलच्या पोटात लागली. ‘धप्प’ आधी आला, म्हणजे क्लब बॉलमागच्या जमिनीत. सरावाला दहा बॉल मारताना पहिले पाच होलकडे न बघता फक्त आवाजासाठी मारा.

टाच उचलून, पटसारखी

टणक किंवा विरळ जागेवरून हमखास उपयोगी पडणारी एक वेगळी चिप आहे. क्लब जवळजवळ उभा धरा, इतका की त्याची टाच जमिनीपासून सुटेल आणि फक्त टोकाकडचा भाग टेकलेला राहील. बॉलच्या जवळ उभे राहा, डोळे जवळपास बॉलवर. ग्रिप पटरची. बॉल टोकाच्या बाजूने मारायचा, मधोमध नाही. मग नुसता पटचा स्ट्रोक.

टेकलेला भाग छोटा असल्यामुळे रुतायला काही उरत नाही. चुकून बॉलच्या अर्धा इंच मागे लागला तरी क्लब सरकून जातो. टोकाने लागल्यामुळे बॉल मऊ निघतो, पळतोही बेताचा, म्हणून नेहमीच्या पटपेक्षा जरा मोठा स्ट्रोक लागतो. ८ किंवा ९ नंबर यासाठी उत्तम. अमेरिकेच्या पॉल रुनयनची चिप याच वळणाची होती: शाफ्ट उभा, टाच वर, मनगटांना कामच नाही. उंचीने लहान, ड्राइव्हने (होलच्या पहिल्या लांब फटक्याने) आखूड असा हा खेळाडू १९३८ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात लांब मारणाऱ्या सॅम स्नीडशी खेळला आणि ८ होल आघाडीवर, ७ शिल्लक असताना जिंकला.

बॉल फ्रिंजच्या कापलेल्या भागात, पण रफच्या (बाजूच्या लांब गवताच्या) भिंतीला टेकून थांबलाय, अशी एक चिडचिड करणारी जागा असते. पटर मागे नेताना गवतात अडकतो. तिथे सँड वेज पटरसारखा धरा, त्याची धार बॉलच्या बरोबर मध्याच्या उंचीवर ठेवा आणि पट मारा. जड तळ गवताला दुभंगत जातो आणि बॉल नुसता घरंगळतो. हा शॉट कोर्सवर पहिल्यांदा मारू नका. सरावाला वीस मारून बघा.

हरळी, पावसाळा आणि मे महिना

परदेशी व्हिडिओ बघून चिप शिकलेल्यांची आपल्याकडे फजिती होते ती गवतामुळे. तिकडच्या थंड भागातलं गवत बरंचसं सरळ उभं वाढतं. आपल्याकडे कोर्सवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडा असतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी जिला उपटून उपटून थकतो तीच. ग्रीनवर तिच्या बारीक पानांच्या संकरित जाती लावतात, पण स्वभाव तोच: आडवी पसरते, एका दिशेला झुकते, चिवट असते. गवताचा हा झुकाव म्हणजे ग्रेन.

ग्रीनभोवती ग्रेन तुमच्याकडे तोंड करून असेल तर प्रत्येक पातं क्लबच्या धारेला आडवं येतं. वेज हमखास अडकतो. अशा जागेवर पटर, वर सांगितलेली टाच उचललेली चिप किंवा हायब्रिड (रुंद तळाचा, कमी लॉफ्टचा क्लब). हायब्रिडची ग्रिप खाली, लोखंडी भागाच्या जवळ धरा आणि पट मारा. त्याचा रुंद तळ हरळीवरून घसरत जातो. ग्रेन तुमच्यापासून दूर झुकलेला असेल तर निश्चिंत, कुठलाही क्लब सुरळीत निघतो.

ग्रीनवरचा ग्रेन रंगावरून ओळखा. बॉलकडून होलकडे बघताना गवत चमकदार, फिकट दिसलं तर ग्रेन होलच्या दिशेने आहे, बॉल जास्त पळेल. गडद, मंद दिसलं तर ग्रेन समोरून आहे, लवकर थांबेल. शंका असेल तर होलची कडा बघा: एक बाजू स्वच्छ कापलेली आणि समोरची फिसकटलेली, तपकिरी असते. गवत त्या फिसकटलेल्या बाजूकडे झुकलेलं. सकाळी आठला आणि दुपारी तीनलाही फरक पडतो, कारण दिवसभरात गवत वाढतं आणि समोरचा ग्रेन आणखी अडवतो.

जून ते सप्टेंबर हिशोब बदलतो. ग्रीन ओलं, बॉल टेकला की अर्धा वेग तिथेच गमावतो. कमी लॉफ्टकडे एक क्लब सरका, ९ च्या जागी ८. जमीन मऊ असल्यामुळे शाफ्ट फार झुकवू नका, बाउन्सला काम करू द्या. प्रत्येक शॉटनंतर टीच्या (बॉल ठेवायच्या खुंटीच्या) टोकाने क्लबच्या खाचांतला चिखल काढा आणि फेस पुसा. ओल्या फेसवर बॉल घसरतो, स्पिन लागत नाही. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट: टणक ग्रीन, लांब पळणारा बॉल, उघडी जमीन. तेव्हा टेकवायची जागा ग्रीनच्या काठाजवळ आणा आणि फ्रिंज टणक व सपाट असेल तर फ्रिंजवर टेकवण्याची जोखीमही घ्या.

काय बिघडतं आणि का

जमिनीत लागतो. वजन उजव्या पायावर गेलेलं असतं, किंवा छाती थांबून हात पुढे गेलेले असतात. उजवी टाच उचलून, नुसतं उजव्या बोटांवर टेकून दहा बॉल मारा. वजन मागे जायला जागाच राहत नाही.

पोटात लागून सरपटतो. कारण बहुधा तेच, फक्त क्लब आता जमिनीला आधी लागून किंवा न लागताच वर चढत असतो. लोक ‘डोकं वर आलं’ म्हणतात. डोक्यावर हा आळ उगाचच येतो. मुळात बॉल उचलायला मनगट फिरलेलं असतं आणि डोकं त्यामागून येतं.

उजवीकडे तिरका सुटतो, मानेला लागून. वजन पायाच्या बोटांवर आलंय किंवा हात शरीरापासून दूर गेलेत. टाचांवर किंचित जास्त वजन घ्या, बॉल क्लबच्या टोकाच्या बाजूला ठेवून उभे राहा. टाच उचललेली चिप हा यावरचा तात्पुरता औषधोपचार, कारण ती मानेपासून बॉलला दूरच ठेवते.

दोनदा लागतो. लांब गवतात क्लब अडकून मंदावतो, बॉल हळू वर उडतो आणि पुढे जाणारा क्लब त्याला पुन्हा गाठतो. १९८५ च्या यूएस ओपनमध्ये तैवानचा टी. सी. चेन शेवटच्या दिवशी चार शॉटच्या आघाडीवर होता. ओकलंड हिल्सच्या ५व्या होलवर ग्रीनजवळच्या लांब गवतातून मारताना क्लब बॉलला दोनदा लागला, दंड पडला, त्या होलवर ८ झाले. स्पर्धा तो एका शॉटने हरला. २०१९ पासून चुकून दोनदा लागल्यास दंड नाही, एकच शॉट मोजतात. बॉल कुठे जाईल याची हमी मात्र नियम देत नाही, तेव्हा लांब गवतात जास्त लॉफ्ट आणि न मंदावणारा स्ट्रोक.

सराव

घरी सुरुवात करा. काथ्याचं पायपुसणं, त्यावर बॉल, चार पावलांवर अंथरलेली चादर. काथ्या टणक गवतासारखा वागतो आणि जमिनीत लागलं की लगेच कळतं. काचेच्या खिडकीकडे तोंड करून मारू नका, एवढं सांगायला नको.

मनगट फिरतं की नाही हे बघायला अलाइनमेंटची काठी हवी, नसेल तर तेवढी कुठलीही हलकी सरळ काठी चालेल. ती ग्रिपसोबत धरा, अशी की वरचं टोक डाव्या बरगडीच्या बाजूने मागे जाईल. मनगट फिरलं की काठी बरगडीला लागते. दोन-तीनदा लागली की शरीर आपोआप शिकतं.

मोकळ्या मातीच्या जागेवर रांगोळीची एक रेघ ओढा, रेघ दोन पायांच्या मध्यावर घेऊन बॉलशिवाय वीस स्विंग करा. प्रत्येक घासटलेली खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे पडायला हवी. मागे पडत असेल तर बॉल ठेवून उपयोग नाही, आधी वजन दुरुस्त करा.

सरावाच्या ग्रीनवर चिप मारायला सगळ्याच कोर्सवर परवानगी नसते, स्टार्टरला (कोर्सवर खेळ सुरू करून देणाऱ्याला) विचारा. राउंड चालू असताना नुकत्याच संपवलेल्या ग्रीनजवळ एखाद-दुसरी चिप मारून बघायला नियमाची हरकत नाही, बंकरमधून नको आणि मागच्यांना खोळंबवायचं नाही. स्पर्धेत समिती यावर बंदी घालू शकते, म्हणून त्या दिवशीचे स्थानिक नियम वाचा.

हुनर येतो तो एका जागेवरून पन्नास बॉल मारून नाही. दहाव्या बॉलनंतर डोकं बंद होतं. कोलकात्याचा एस. एस. पी. चौरसिया, ज्याचे वडील रॉयल कलकत्त्यात ग्रीनची देखभाल करायचे, लांब मारणाऱ्यांत कधीच नव्हता. ग्रीनभोवतीच्या खेळामुळे त्याला ‘चिपपुटसिया’ असं नाव पडलं, आणि २०१६ व २०१७, लागोपाठ दोन वर्षं, तो इंडियन ओपन जिंकला. नाव चिप आणि पट या दोन्हींचं आहे, हे लक्षात घ्या. चिप मारून बॉल गोळा करत सुटणं हा अर्धाच सराव.

म्हणून एकच बॉल घ्या आणि पार (अपेक्षित शॉटची संख्या) १८ चा खेळ खेळा. ग्रीनभोवती नऊ वेगवेगळ्या जागा: तीन सोप्या, तीन मध्यम, तीन वाईट, त्यातली एक टणक आणि एक ग्रेनच्या विरुद्ध. प्रत्येक जागेवरून पावलं मोजा, क्लब ठरवा, चिप मारा आणि पट घालून होल संपवा. प्रत्येक जागेचा पार २. सुरुवातीला २५च्या वर गेलात तरी हरकत नाही. २२ पर्यंत आलात की खेळ खूप सुधारला समजा. प्रत्येक वेळी आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहा: बॉल ठरवलेल्या जागेवर टेकला का, आणि नाही तर किती पावलं इकडेतिकडे. जागेवर टेकूनही लांब राहत असेल तर चूक क्लब निवडण्यात आहे. जागेवर टेकतच नसेल तर पायपुसण्याकडे परत जा.